भट्टीत टिकते, दमट हवेत विरते

कार्बाइड म्हटले की दौंडच्या बाजारकऱ्याला फळे पिकवण्याची, आता बंदी असलेली पूड आठवते; शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या लेथ कामगाराला टंगस्टन कार्बाइडचे कठीण टोक. याच कुळातली तिसरी पाती दुर्मिळ मृदा धातूंच्या कार्बाइडांची.

लँथेनम किंवा इट्रियमचा कार्बनशी संयोग झाला की होणारा पदार्थ दोन हजार अंश सेल्सियसच्या वरही घनरूप राहतो. पोलाद सुमारे दीड हजारालाच वितळते. म्हणून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लँथेनम कार्बाइड तापवून, त्यावर प्रोटॉनांचा मारा करून किरणोत्सारी समस्थानिके मिळवतात. पण हाच पदार्थ दमट हवेत ठेवा. फळांच्या पुडीसारखाच पाण्याशी संयोग पावून तो वायू सोडतो आणि त्याचा भुगा होतो.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही तारणाच्या किमतीआधी त्यातली खोट पाहत असू. येथली खोट ही, आणि ती काढणे हेच खरे संशोधन.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यांत इट्रियमही होते. आपल्या किनाऱ्यांवर मोनाझाइटची वाळू आहे, ती हाताळणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे. अडते ते वाळू आणि यंत्र यांच्या मधल्या टप्प्यावर. दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे जाणकार आहेत, रांजणगावला धातूकामाचे. दोघांमध्ये हवी एक प्रयोगशाळा आणि दहा वर्षे थांबण्याची तयारी असलेले भांडवल. पहिल्याच वर्षी हप्ता मागणाऱ्या पैशातून असले पदार्थ घडत नाहीत.