वर्तुळ यंत्राचं, बाण आपला

आमच्या पोफळीत कोयनेचं भूमिगत वीजगृह आहे. मुलांना वर्डमध्ये आकृत्या शिकवायच्या तर त्याचीच काढायला सांगावी. जलाशयाला आयत, बोगद्याला जाड रेषा, टर्बाइनला वर्तुळ. शिफ्ट दाबून ओढलं की लंबगोलाऐवजी नेमकं वर्तुळ उमटतं. कंपास सरकायची भीती नाही. रंगही क्षणात भरतो. पण बाण कुठून कुठे, हे यंत्र सांगत नाही बरं का! पाणी टर्बाइन फिरवून थांबत नाही. ते कोळकेवाडीच्या धरणात जातं आणि तिथून पुन्हा वीज करतं. हे ज्याला कळलं, तोच पुढचा बाण काढील. म्हणून म्हणतो, गुण रंगांना नको, बाणांना द्या. सुबकपणा यंत्राकडून खुशाल घ्यावा. समज उसनी मिळत नाही.