खारट झालेली नदी पुन्हा गोडी कशी झाली?



ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डेन्मार्क नावाची एक लहानशी नदी आहे. डेन्मार्क देशाशी तिचा काही संबंध नाही. १८२९ साली विल्सन नावाच्या आरमारी डॉक्टराने डॉ. अलेक्झांडर डेन्मार्क यांचे नाव तिला दिले. तेथील मूळचे न्यूनगार लोक तिला क्वूराबप म्हणत.

या मुलखात समुद्रावरून येणाऱ्या पावसाबरोबर थोडे थोडे मीठ येते. हजारो वर्षांत ते जमिनीच्या पोटात साठले. वर दाट जंगल होते. झाडांची मुळे खोलवर जाऊन पाणी शोषून घेत. त्यामुळे भूजल खालीच राही आणि मीठही खालीच निजून राही.

पुढे नदीच्या वरच्या भागातील जंगल तोडून शेती व कुरणे झाली. गवताची मुळे उथळ. न शोषलेले पाणी जमिनीत मुरत गेले, भूजल वर चढले आणि मीठ विरघळवून नदीत झिरपू लागले. झाडतोडीने पाणी खारट होते, हे वुड नावाच्या रेल्वे इंजिनियरने १९२४ सालीच लिहून ठेवले होते. पण ऐकतो कोण?

१९६१ साली डेन्मार्क गावासाठी नदीवर धरण बांधले. धरण भरले, पण पाणी वर्षागणिक खारट होत गेले. शेवटी गावाला दुसऱ्या नदीचे पाणी आणावे लागले.

१९७८ साली सरकारने झाडतोडीवर निर्बंध घातले. पुढे वरच्या भागातील शेतांत नीलगिरीची मोठी लागवड झाली. आपण नीलगिरीला पाणी पिणारे झाड म्हणून नावे ठेवतो. तेथे तोच दोष औषध ठरला! भूजल खाली गेले आणि नदीची खारटी हळूहळू उतरली.

आपल्याकडे कारण निराळे आहे. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या. पण रोगाचे मूळ एकच: भूजल वर येणे. म्हणून पाटाखालच्या विहिरीची पातळी दर महिन्याला पाहा. ती चढत असेल तर पाणी मोजून द्या व निचऱ्याचे चर काढा. बांधावर पांढरे क्षार दिसेपर्यंत थांबू नका. बिघडायला थोडी वर्षे पुरतात, सुधारायला मात्र एक पिढी लागते.