अडलेले अंडे

बाजारातील पिंजऱ्यात दाटीवाटीने कोंबलेले एखादे बदक पैसे देऊन सोडवावे आणि घरी आणावे, असे पर्युषणाच्या दिवसांत काही कुटुंबांत घडते. असे बदक तळ्यात सोडून देणे म्हणजे त्याला दुसऱ्या मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. पांढऱ्या पेकिन जातीच्या बदकाचे शरीर इतके जड असते की त्याला उडता येत नाही, आणि काठावरच्या कुत्र्यांपासून त्याचा बचाव होत नाही. म्हणून ते अंगणात राहते, मुलांच्या मागे फिरू लागते, त्याला नाव मिळते. नीट सांभाळलेले बदक आठ-दहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. सुरीपासून सुटका झाली म्हणजे त्या जीवावरील संकट टळले, अशी घरच्यांची समजूत असते. परंतु ते बदक मादी असेल, तर दुसरे संकट तिच्या शरीरातच वाढत असते.

हे संकट निसर्गाने दिलेले नाही. मस्कोव्ही ही जात वगळता जगातील सर्व पाळीव बदके मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून निर्माण झाली. मॅलार्डची मादी वर्षातून एकदा, विणीच्या हंगामात, साधारणपणे आठ ते तेरा अंडी घालते, त्यांवर बसते आणि थांबते. घरटे उद्ध्वस्त झाले तरच ती पुन्हा अंडी घालते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अधिक अंडी देणाऱ्या माद्या निवडल्या आणि हे थांबणेच त्यांच्या स्वभावातून काढून टाकले. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अॅडेल कॅम्पबेल या गृहिणीने भारतीय रनर जातीच्या मादीचा रूआँ जातीच्या नराशी संकर केला. त्यातून पुढे खाकी कॅम्पबेल ही जात सिद्ध झाली. (‘इंडियन रनर’ हे नाव फसवे आहे, ही जात मूळची इंडोनेशियातील बेटांवरची. ‘खाकी’ हा शब्द मात्र आपल्याच भाषांतून इंग्रजीत गेलेला.) उत्तम निगा असेल तर खाकी कॅम्पबेलची मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी घालते. जिथे दहा-बारा अंड्यांची सोय होती, तिथे तीनशेंचा भार पडला. शरीराची घडण मात्र तीच राहिली.

या घडणीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. बहुतेक पक्ष्यांप्रमाणे बदकाच्या मादीतही डावे अंडाशय आणि डावी अंडनलिका एवढीच विकसित होते. अंडाशयातून सुटलेला बलक नलिकेच्या मुखात पडतो. पुढे त्याभोवती पांढरा भाग, मग पातळ पापुद्रा आणि शेवटी कवच चढते. या सर्व प्रवासाला एक दिवस, किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो आणि त्यातील बहुतांश वेळ कवच घडण्यात जातो. कवच जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे असते. आहारातून कॅल्शियम पुरेसे मिळाले नाही, तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते. हाडे ठिसूळ होतात, एवढ्यावर हे थांबत नाही. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियमच लागते. ते कमी पडले की स्नायू थकतात आणि तयार अंडे वाटेतच अडते. स्थूलपणा, अंड्याचा अवाजवी आकार, नलिकेचा जंतुसंसर्ग, थंडी, अतिशय कोवळे किंवा उतरते वय ही अडण्याची इतर कारणे आहेत.

अंडे अडलेली मादी ओळखणे कठीण नाही. पाहणाऱ्याची नजर मात्र हवी. एरवी पहाटेच अंडे घालून मोकळी होणारी मादी सकाळ उलटली तरी घरट्यापाशी घुटमळते. ती अंग उभे ताठ धरून, शेपटी खाली झुकवून उभी राहते. शेपटी श्वासाच्या तालावर वरखाली होते. ती कुंथते, खाणे सोडते, पाण्यात उतरत नाही, पोट फुगलेले लागते. कधी लंगडू लागते, कारण अडलेल्या अंड्याचा दाब पायांकडे जाणाऱ्या नसांवर पडतो. दुखणे लपवणे हा पक्ष्यांचा स्वभाव असल्यामुळे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ‘उद्या सकाळपर्यंत वाट पाहू’ हा विचार येथे प्राणघातक ठरू शकतो.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी करण्यासारखे थोडेच आहे. मादीला शांत, उबदार आणि किंचित दमट जागी ठेवावे. कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटे बसू दिल्यास स्नायू सैल होतात. नंतर अंग नीट कोरडे करावे, नाहीतर थंडी भरते. तेल चोळण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण पिसांना तेल लागले की त्यांची पाणी न शिरू देण्याची शक्ती नाहीशी होते. पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न तर कदापि करू नये. आत अंडे फुटले तर कवचाच्या कडा नलिका चिरतात, आणि मग वाचवणे पशुवैद्याच्याही हाती राहत नाही. पशुवैद्य एक्स-रे किंवा सोनोग्राफीने अंड्याची जागा निश्चित करतात, कॅल्शियमचे इंजेक्शन आणि सलाईन देतात, वेदनाशामक देतात आणि वाट मोकळी असल्याची खात्री झाल्यावरच नलिकेला आकुंचन आणणारे औषध वापरतात. तेवढ्याने भागले नाही, तर सुईने अंड्यातील द्रव शोषून घेऊन ते लहान करतात. अगदी शेवटी शस्त्रक्रिया येते.

अंडे अडणे हा या रोगांतील सर्वांत ठळक प्रकार होय. इतर प्रकार अधिक गुपचूप येतात. बलक नलिकेच्या मुखात न पडता उदरपोकळीत पडला, तर तेथे दाह होतो, पाणी साचते आणि मादी आठवडेच्या आठवडे खंगत जाते. कवच नसलेली, पिळपिळीत अंडी वारंवार येणे ही त्याआधीची सूचना असते. जोर करून करून नलिका शेपटीखालच्या द्वारातून बाहेर येते; गायी-म्हशींच्या बाबतीत शेतकरी ज्याला अंग बाहेर येणे म्हणतात, तसेच हे. बाहेर आलेला भाग स्वच्छ सलाईनने ओला ठेवून, इतर बदकांनी चोची मारू नयेत म्हणून मादीला वेगळे करून, तत्काळ दवाखाना गाठावा. नराचे जननांगही कधी बाहेर राहून सुजते आणि उपाय तोच. ते काढावे लागले तरी नराच्या मलमूत्र विसर्जनात बाधा येत नाही, हे ऐकून घरच्यांना धीर येतो. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात कालवणे हा मात्र यांपैकी कशावरही उपचार नव्हे.

खरा प्रश्न प्रतिबंधाचा आहे, आणि येथे अंडी न खाणाऱ्या घराला एक अनुकूलता लाभली आहे. रोज अंडे उचलून नेले की मादीच्या शरीराला घरटे रिकामेच वाटत राहते आणि ते भरण्यासाठी ती घालतच राहते. अंड्यांची अभिलाषा नसलेल्या घरात ती उचलण्याचे कारणच नाही. घरट्यात दहा-बारा अंडी, किंवा त्याच आकाराची लाकडी अंडी राहू दिली, तर काही माद्या त्यांवर बसतात आणि घालणे थांबवतात. पेकिन आणि खाकी कॅम्पबेल या जातींत बसण्याची वृत्ती क्षीण असल्यामुळे हा उपाय प्रत्येक वेळी फळास येत नाही. तरी करून पाहावा. बसलेली मादी अन्नपाण्यासाठी क्वचितच उठते, तेव्हा तिचे वजन पाहत राहावे आणि 28 दिवसांच्या आसपास घरटे मोडावे.

अंड्यात जीव आहे काय, ही शंका घरातील वडीलधारी माणसे हमखास काढतात, आणि ती अस्थानी नाही. नराचा सहवास नसलेल्या मादीचे अंडे निर्जीवच असते; त्यातून पिल्लू कधीही निघत नाही. नर-मादी एकत्र असतील तर ते फलित असण्याचा संभव मोठा. म्हणून घरी दोन-तीन माद्याच एकत्र ठेवाव्यात आणि नर असल्यास त्याचे राहणे वेगळे करावे. बदक एकटे सुखी राहत नाही, पण त्याला सोबत नराचीच हवी असे नाही. उलट नरांची संख्या जास्त झाली की माद्यांच्या मानेवर व पाठीवर जखमा होतात आणि जननमार्गालाही इजा पोहोचते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याचे शरीर तो विणीचा संकेत समजते. महाराष्ट्रात दिवसाच्या लांबीत ऋतूंनुसार फार मोठा फरक पडत नाही. फरक पाडतो तो अंगणातील आणि गॅलरीतील रात्री अकरापर्यंत जळणारा दिवा. सूर्य मावळल्यावर बदकाची जागा खरोखर अंधारी राहिली, तर काही आठवड्यांत अंड्यांची संख्या घटू शकते. अंडी वाढावीत म्हणून व्यवसायात दिवे लावले जातात. येथे नेमके उलटे करायचे आहे.

आहारात चपाती, पाव आणि भात यांवरच बदक पोसले जाते ते प्रेमापोटी. त्यातून चरबी वाढते आणि कॅल्शियम मात्र मिळत नाही. सोयाबीनच्या पेंडीवर आधारलेले, जीवनसत्त्वे मिसळलेले खाद्य घ्यावे. पुष्कळशा खाद्यांत मासळीची भुकटी असते, ती नको असल्यास दुकानदाराला स्पष्ट विचारावे. बदकांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबड्यांपेक्षा अधिक लागते, म्हणून भिजवलेले वाटाणे आणि हिरवा पाला असावा. (चिखलात चोच घालून ते स्वतः काय शोधते, त्याचा हिशेब त्याच्याकडे राहू द्यावा.) कॅल्शियमसाठी सहसा शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्याची कवचे सुचवली जातात. ज्यांना ती वर्ज्य वाटतात त्यांनी पोल्ट्रीच्या खाद्यासाठी मिळणारी चुनखडीची बारीक खडी वापरावी. पानाला लावायचा चुना मात्र नव्हे, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. ही खडी खाद्यात न मिसळता वेगळ्या वाडग्यात ठेवावी. घालणारी मादी गरजेप्रमाणे घेते. नराला आणि न घालणाऱ्या मादीला कॅल्शियम जास्त झाले तर मूत्रपिंडे बिघडतात. रोज थोडे ऊनही हवे, कारण ड जीवनसत्त्वाखेरीज खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही.

इतके करूनही दुखणे उलटत राहिले, तर त्वचेखाली संप्रेरकाची लहान कांडी बसवून अंडाशयाला काही महिने विश्रांती देता येते. परदेशी पशुवैद्यकात हा उपाय रूढ आहे. अंडनलिका काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही होते, परंतु ती पक्ष्यांवर शस्त्रक्रिया करण्याचा सराव असलेल्या हातांनीच व्हावी. असा पशुवैद्य गरज पडल्यावर शोधू लागणे व्यर्थ होय. परळ, नागपूर, शिरवळ, उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधीच चौकशी करून ठेवावी. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला बदकाचे वजन करून ते वहीत टिपावे, आणि अंडी कोणत्या तारखांना आली तेही. पशुवैद्यापुढे ठेवलेली अशी वही अर्धे निदान करून टाकते.

आणि कधी पशुवैद्य हळू आवाजात दयामरणाचा विषय काढतात. पोट पाण्याने भरलेले आहे, नलिकेत गाठ आहे, शस्त्रक्रिया झेपणार नाही. ज्या घराने हे बदक मृत्यूपासून विकत घेतले, त्याच्यापुढे हा प्रश्न सर्वांत जड होऊन येतो. काही कुटुंबे ते इंजेक्शन मान्य करतात. काहींना आयुष्याचा धागा आपल्या हाताने तोडणे कोणत्याही नावाखाली शक्य होत नाही. या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांवर एक जबाबदारी अधिक येते. ‘निसर्गाप्रमाणे होऊ दे’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेला पक्षी तासन्‌तास वेदनेत असतो आणि आवाजही काढत नाही. त्याला न मारण्याचा निर्णय घेतला, तर वेदनाशामकाची मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घेऊन ती वेळेवर, अगदी रात्रीच्या अलार्मसह, द्यावी लागते. साचलेले पाणी सुईने काढवून घेतले तर श्वास काही दिवस सुकर होतो. अंगाखाली मऊ, कोरडे अंथरूण असावे, ते दिवसातून तीनदा बदलावे, पाण्याचे भांडे मान न उचलता पोहोचेल इतके उथळ असावे. मळलेली पिसे कोमट पाण्याने पुसून काढावीत, नाहीतर माश्या अंडी घालतात. सोबतीचे दुसरे बदक दूर नेऊ नये. ते बहुधा जवळच येऊन बसते.