पहिली दुर्बीण आणि अरुंधतीन्याय

अरुंधतीचा तारा बारीक. नवख्यास तो एकदम दाखवूं गेल्यास दिसत नाहीं. म्हणून प्रथम शेजारचा ठळक तारा दाखवावा व मग नजर हळूच तिच्याकडे न्यावी, असा आपल्या शास्त्रकारांचा न्याय आहे. घरांत मुलांसाठीं पहिली दुर्बीण येते तेव्हां नेमका याच न्यायाचा विसर पडतो. खोक्यावर रंगीत तेजोमेघांचीं चित्रें असतात. पहिल्याच रात्रीं मुलें तीं शोधूं लागतात, हातीं कांहींच लागत नाहीं, आणि आठ दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते. दुर्बिणीचे पैसे पुन्हां मिळवितां येतील. एकदां खट्टू झालेली मुलाची जिज्ञासा पुन्हां जागी करणें कठीण.

म्हणून काय पाहावें व कोणत्या क्रमानें, हें येथें सांगतों. भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर धरला आहे. जाहिरातींतील ५००-६०० पट वर्धनाच्या डांगोऱ्यास भुलूं नये. व्यासाचे जितके मिलिमीटर, त्यांच्या सुमारें दुप्पट, म्हणजे १४० पटींपलीकडे चित्र केवळ मोठें व अंधुक होतें. आरंभ कमींत कमी वर्धनाच्या नेत्रिकेनें करावा. तिच्यांत आकाशाचा मोठा भाग दिसतो व हवी ती वस्तु चटकन सांपडते.

पहिला मान चंद्राचा; पण पौर्णिमेच्या चंद्राचा नव्हे. त्या दिवशीं ऊन समोरून पडतें, सावल्या उरत नाहींत व सर्व सपाट दिसतें. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंत प्रकाश व अंधार यांच्या सीमेवर नजर ठेवावी. तेथें विवरांच्या कडा व डोंगरांचीं शिखरें लांब सावल्यांसह उठून दिसतात.

दुसरा मान गुरूचा. त्याचे चार मोठे उपग्रह गॅलिलिओनें जानेवारी १६१० मध्यें सुमारें वीस पटींच्या दुर्बिणींतून पाहिले. आपल्या मुलांची दुर्बीण त्याहून सरस आहे. मुलानें रोज वहींत एक वर्तुळ व भोंवतालचे ठिपके काढावे, शेजारीं तिथि व वेळ लिहावी. ठिपके जागा बदलतात, एखादा नाहींसा होतो, हें आठ रात्रींत त्याचें त्यालाच उमगेल. वडील मंडळींनीं आधीं सांगून त्याचा आनंद हिरावूं नये.

शनीचें कडें पन्नास पटींत दिसतें. गॅलिलिओस त्याचा उलगडा झाला नाहीं. तो ह्यूगेन्सनें १६५९ सालीं प्रसिद्ध केला. २०२५ सालीं कडें आपल्याकडे धारेनें वळून रेघेसारखें झालें होतें. त्यानंतरच्या वर्षांत तें उघडत जातें.

चैत्र-वैशाखांत सप्तर्षि वर आले कीं अरुंधतीकडे वळावें. वसिष्ठ व अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांनीं ओळखून मग दुर्बीण लावावी. वसिष्ठ हाच दोन ताऱ्यांचा आहे, असें तेव्हां दिसेल.

तेजोमेघ सर्वांत शेवटीं. मार्गशीर्ष-पौषांतील अमावास्येच्या सुमारास, गांवच्या दिव्यांपासून दूर, प्रथम कृत्तिका पाहाव्या, मग मृगांतील बाणाच्या दक्षिणेचा तेजोमेघ. तो करडा दिसेल. छायाचित्रांतील रंग डोळ्यांस दिसत नाहींत, हें मुलांस अगोदर सांगावें. देवयानी दीर्घिका म्हणजे तर केवळ धूसर डाग. पण त्या डागाचा प्रकाश निघाला त्यास सुमारें २५ लाख वर्षें झालीं, हें कळल्यावर तोच डाग पाहण्याजोगा होतो.

एक निषेध कडकपणें पाळावा. सूर्याकडे दुर्बीण कधींही वळवूं नये. क्षणांत दृष्टि जाते. कांहीं स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसविण्याची काळी कांच मिळते. ती उष्णतेनें तडकते, तिच्यावर विसंबूं नये. दिवसा दुर्बीण एकट्या मुलाच्या हातीं देऊं नये.

आणखी एक व्यवस्था घरच्या कर्त्या माणसानें पाहावी. स्वयंपाकघर आवरून लेकी-सुना गच्चीवर येईपर्यंत पंचमीचा चंद्र मावळतीस लागलेला असतो. त्या दिवशीं आधीं चंद्र पाहावा, पानें मागाहून घ्यावीं. आजीबाईंसाठीं दुर्बिणीजवळ एक खुर्ची ठेवावी.