पिशवी आमची, वेष्टन कोणाचे?

प्लास्टिकचा विषय निघाला की आपल्याकडे बोट थेट ग्राहकाच्या हाताकडे जाते. कापडी पिशवी आणली का? नाही? मग दोष तुमचाच. पण कापडी पिशवी घेऊन सुपरमार्केटात गेलेली बाई घरी येऊन ती रिकामी करते तेव्हा आतून काय निघते, हे कोणी पाहत नाही. चार भोपळी मिरच्या पांढऱ्या ताटलीवर, वर ताणून बसवलेला पारदर्शक पडदा. कोथिंबिरीची जुडी पन्नीत. केळी, ज्यांना निसर्गानेच साल दिली आहे, तीही पन्नीत. पिशवी तेवढी कापडाची, बाकी सगळे प्लास्टिक.

महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 रुपये आणि तीन महिने कैद. याचा धाक सर्वात जास्त कोणाला बसला, हे बाजारात फिरणाऱ्याला सांगायला नको. आमच्या भागात फळांच्या गाड्या बहुतेक बागवानांच्या. पहाटे मार्केट यार्डातून उधारीवर माल आणायचा, संध्याकाळी उधारी फेडून जे उरेल त्यात घर चालवायचे. अशा माणसाला 5,000 रुपयांची पावती म्हणजे आठवड्याची चूल बंद. गाडीखालच्या पातळ पिशव्या जप्त झाल्या, ते ठीकच. त्या गटारी तुंबवतात आणि गुरांच्या पोटात जातात. पण समोरच्याच वातानुकूलित दुकानात सफरचंदे पडद्यात गुंडाळून बसली आहेत, त्यांना कोणी विचारत नाही. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या वस्तू बंद केल्या, त्यांत स्ट्रॉ आहे, काटे-चमचे आहेत, मिठाईच्या खोक्यावरचे पातळ वेष्टनसुद्धा आहे. भाजीवरचे वेष्टन त्या यादीत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की मोहल्ल्यातल्या मोहिमांनी आता ग्राहकाला उपदेश करणे थोडे थांबवावे आणि दुकानाच्या फळीकडे वळावे. वेष्टन निवडणारा ग्राहक नसतोच. त्याच्यापुढे ते आधीच गुंडाळून ठेवलेले असते.

हे काही हवेतले बोलणे नाही. आपल्याकडे अधिसूचना निघाली त्याच महिन्यात, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या केन्शम गावातले काही रहिवासी एका सुपरमार्केटात गेले. नेहमीसारखी खरेदी केली, पूर्ण पैसे दिले आणि सगळी वेष्टने काढून तिथेच ठेवली. भांडण नाही, घोषणा नाहीत. सामान आमचे, कचरा तुमचा, एवढाच निरोप. ही पद्धत पुढे युरोपभर पसरली. फ्रान्सने 2022 च्या जानेवारीपासून सुमारे तीस फळा-भाज्यांवरच्या प्लास्टिक वेष्टनाला बंदी घातली. तो हुकूम कोर्टात अडकला, 2023 मध्ये सुधारून पुन्हा आला. इतके लांब जायचे नसेल तर तामिळनाडूतले थूथुकुडी घ्या. तिथल्या एका शाळेतल्या मुलींनी 2018 मध्ये खाऊची वीस हजारांवर रिकामी वेष्टने गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली. चव आवडते, पण वेष्टन बदला, अशी पत्रे सोबत जोडली. शिक्षिका म्हणून मला हे फार भावले. ‘प्लास्टिक : शाप की वरदान’ हा निबंध वर्षानुवर्षे लिहून घेण्यापेक्षा असे एक पत्र लिहिण्यात भाषाही जास्त शिकता येते.

(भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून : उर्दूत ‘लिफाफा’ म्हणजे पाकीट, आणि कफनाची सर्वात बाहेरची चादर, तीही लिफाफाच. काकडीला लिफाफा घालणाऱ्यांनी हे ऐकावे.)

आमच्याकडे बचत गटातल्या बायका आणि आठवीच्या मुली मिळून एका दुकानाच्या मॅनेजरला भेटल्या. आठ दिवसांत चौदा घरांत जमलेली वेष्टने धुऊन, वाळवून, गोणीत भरून नेली होती. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, “मॅडम, माल वरूनच असा येतो. माझ्या हातात काही नाही.” खोटे नव्हते ते. पण महिन्याभराने केळी, लिंबू आणि कोथिंबीर सुटी झाली, म्हणजे काहीतरी हातात होतेच.

वेष्टनाने माल टिकतो, हा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. दूध, पनीर, मांस यांचा प्रश्न वेगळा आहे. पण नारळ? कांदा? इथे खरे कारण दुसरे आहे. सुटा माल ठेवला की तोलायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. पाकिटावर चिकटपट्टी लावली की काम संपले. शिवाय अर्धा किलोचेच पाकीट असले की पाव किलो लागणारी बाईही अर्धा किलो नेते. रोजंदारीवरच्या घराला तो पाव किलोचा फरक जाणवतो. गाडीवाला बागवान मात्र दोन संत्रीही तोलून देतो आणि वर “बाजी, एक चाखून बघा,” म्हणतो.

आता पुढची भेट ठरली आहे. मुलींनी मागण्या लिहून काढल्या आहेत : डाळ-तांदूळ सुटे मिळावेत, घरून नेलेला डबा तोलून त्यात माल द्यावा, आणि काढलेली वेष्टने टाकायला दाराशी एक पेटी ठेवावी. अर्ज मराठीत आहे, सह्या तिन्ही लिप्यांत. या वेळी गोणी मॅनेजरकडे न ठेवता कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पार्सल करायची, असा बायकांचा आग्रह आहे. पार्सलचा खर्च वर्गणीतून निघेल.