दगडाखालचे शेजारी

काय दोस्तांनो, समुद्रावर गेलात की काय बघता? शंख, शिंपले, फार तर एखादा खेकडा! पण खडकाळ किनाऱ्यावरचे समुद्रकृमी कधी पाहिलेत? "शी, किडे!" म्हणून नाक मुरडू नका. यातले काही तर आपल्या गांडुळाचे चुलतभाऊच. त्यांचे फोटो काढायचे आणि ओळख पटवायची, हा या वेळचा छंद.

आधी वेळ गाठा. ओहोटी सगळ्यात दूर जाते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. मुंबईला त्या दिवसांत भरती साधारण दुपारी बाराला येते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. उजेड पाहून निघा. सोबत मोठं माणूस हवंच. पाणी चढू लागलं की मागे फिरायचं. आणि पावसाळ्यात तर नावच काढू नका!

मोबाइल, पांढरी बशी, मऊ कुंचला आणि छोटी पट्टी एवढंच सामान पुरे. कृमीला बशीत घ्यायचं तर कुंचल्याने, आणि पाणी समुद्राचंच. नळाचं गोडं पाणी त्याच्या जिवावर बेततं. बोट लावू नका. अग्निकृमीचे केस कातडीत मोडून बसतात आणि चांगलीच आग होते.

फोटो चार काढा. पहिला तो सापडला त्या जागेचा, दुसरा पट्टीशेजारी अख्ख्या अंगाचा, तिसरा डोक्याचा, चौथा कडेच्या पायांचा. पाण्यावर चमक येत असेल तर छत्रीची सावली धरा.

आता ओळखा पाहू! अंगावर वलयं आणि प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे पाय? मग तो नेरीसच्या गोतावळ्यातला असू शकतो. नेरीसच्या डोक्यावर चार डोळे असतात, म्हणून तर डोक्याचा फोटो हवा. खडकाला चिकटलेली पांढरी चुनखडीची नळी आणि तोंडाशी पिसांचा पंखा? तो नळीकृमी. सावली पडली की पंखा झटकन आत! पानासारखा पातळ, वलयं नसलेला, सरपटत जाणारा? तो चपटा कृमी. अंगावर वलय नाही, पाय नाहीत, नुसती लांबच लांब नाडी? तो रिबन कृमी.

पुढचं नेमकं नाव मात्र फोटोवरून नेहमी सांगता येत नाही. कित्येक कृमी सूक्ष्मदर्शकाखाली केस आणि जबडे तपासल्यावरच ओळखू येतात. तेव्हा वहीत "नेरीसच्या कुळातला असावा" एवढंच लिहा. ठोकून दिलेल्या नावापेक्षा हे लाखपटीने बरं! शेजारी तारीख, वेळ, ठिकाण लिहाच.

एवढा खटाटोप कशाला? मुंबईत २०१८ मध्ये सागरी किनारा रस्त्याचं काम सुरू झालं आणि काही खडक भरावाखाली गेले. तिथे कोण राहत होतं, हे आता फक्त जुन्या नोंदीच सांगतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाने अशाच नोंदी केल्या. तुमच्या गावच्या खडकांची नोंद कोण करणार?

आणि हो, उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात वाळतात आणि वरचं शेवाळ अंधारात मरतं. फोटो हुकला तर पुढची पौर्णिमा आहेच. त्या जिवाला मात्र दुसरं घर नाही.