जांघेतली कळ कंबरेच्या खाती जमा करू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री व मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या शहरातले घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे आणि चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याचे, म्हणून हे पत्र दोघांनाही.

कोविडमध्ये स्टेरॉइड घेऊन बरा झालेला पस्तिशीचा माणूस काही महिन्यांनी दुचाकीवर टांग टाकायला जातो आणि जांघेत कळ येते. पुढे मांडी घालून बसवत नाही. कंबर धरली म्हणून तो मलम चोळतो, कुणी सायटिका ठरवतो. एक्स-रे सुरुवातीला साफ येतो. आत मात्र रक्तपुरवठा तुटून खुब्यातल्या गोळ्याचे हाड मरू लागलेले असते. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात.

हा धोका नवा नव्हता. २००३च्या सार्स साथीनंतर स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत तो दिसला होता. २०२१मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अग्रवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतरचे असे तीन रुग्ण ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये नोंदवले. तिघेही चाळिशीच्या आतले. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत त्यांचे दुखणे सुरू झाले होते. एरवी स्टेरॉइडनंतर याला सहा महिने ते वर्ष लागते.

स्टेरॉइडला दोष द्यायचा नाही. ऑक्सिजनवरच्या कितीतरी रुग्णांचे प्राण त्यानेच वाचवले. पण औषध दिले, तर त्याचा हिशेब रुग्णाच्या हाती हवा.

म्हणून तीन मागण्या. एक, प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर स्टेरॉइडचे नाव, मात्रा आणि दिवस लिहावेत. खाली मराठीत, ‘जांघ किंवा खुबा दुखल्यास हे कार्ड घेऊन या.’ दोन, असा रुग्ण ओपीडीत आला की साध्या एक्स-रेवर न थांबता दोन्ही खुब्यांचा एमआरआय व्हावा, तोही मोफत. तीन, तालुक्याच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना ही लक्षणे शिकवावीत.

गोळा खचण्याआधी निदान झाले तर औषधांवर किंवा हाडातला दाब कमी करणाऱ्या छोट्या शस्त्रक्रियेवर भागू शकते. खचल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो, आणि पस्तिशीत बसवलेला सांधा जन्मभर पुरेलच असे नाही. जालना-बीडहून घाटीत येणाऱ्या रोजंदारीच्या माणसाला हा फरक परवडत नाही. सरकारी तिजोरीलाही नाही. कार्डावरच्या दोन ओळींसाठी नवी इमारत लागत नाही, एक परिपत्रक पुरते. ते काढा.

आपला,
एक नागरिक, छत्रपती संभाजीनगर